स्वप्नाचं संगीत आणि झोपेची गोळी

मंडळी, आज जरा भांडायचंय. विषय कुणाच्या पोटापाण्याचा नाही, पण दोन-तीन आठवडे डोक्यात घोळतोय आणि शनिवारची सकाळ मोकळी आहे. (रिलीज पुढच्या आठवड्यात ढकललाय. ढकलणाऱ्याचं कल्याण होवो.)

कुठल्याही म्युझिक ॲपवर 'ड्रीम' असं टाइप करून बघा. ढिगानं याद्या येतात. ड्रीमी पियानो, गाढ झोपेसाठी क्लासिकल, स्वप्नांच्या गावा वगैरे. त्यात एका बाजूला पावसाचा आवाज, दुसऱ्या बाजूला कुठलीशी तिबेटी वाटी आणि मध्ये बिचारा डेब्युसी. त्याच्यामागे शुमानचं 'ट्रॉयमेराय'. म्हणजे कुणीतरी परस्पर ठरवून टाकलंय की स्वप्न म्हणजे झोप, झोप म्हणजे शांतता, आणि शांतता म्हणजे संथ पियानो. आपण हेडफोन कानात घालतो, आवाज लहान करतो आणि टिकिटं क्लोज करायला लागतो. संगीत चालू असतं म्हणे.

मला हे साफ नामंजूर आहे. स्वप्न ही झोपेतली सगळ्यात अशांत गोष्ट आहे. १९५३ साली शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला तो टप्पा जगासमोर मांडला, ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभरा हलतात. त्या वेळचा मेंदूचा आलेख जाग्या माणसासारखा दिसतो, आणि माणसाला तेव्हा उठवलं तर बहुतेक वेळा तो स्वप्न सांगतो. स्वप्नात आपण पळतो, पडतो, बारावीचा पेपर पुन्हा देतो, आणि मेलेल्या आजोबांशी लोकलच्या भाड्यावरून वाद घालतो. त्याला पावसाचा आवाज कुठला लावताय?

झोपेसाठी संगीत करायला माझी हरकत नाही हां. माक्स रिश्टरनं २०१५ मध्ये 'स्लीप' नावाचं साडेआठ तासांचं संगीत केलं आणि सरळ सांगितलं की ऐकता ऐकता झोपा. प्रामाणिक माणूस. माझं भांडण आहे ते ज्यांनी स्वप्नावर मेहनत केली त्यांना झोपेच्या गोळीच्या पाकिटात भरण्याशी. आणि हे भांडण मला क्लॅरिनेट आणि पियानोच्या आधारानं करायचंय, कारण या जोडीसाठी लिहिलेलं संगीत मी हल्ली सगळ्यात जास्त ऐकतो.

क्लॅरिनेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वरात. लाल कोट, सोनेरी झालर, आणि पुढे उभा राहून सिनेमाचं गाणं वाजवणारा क्लॅरोनेटवाला. हो, बँडवाले क्लॅरोनेटच म्हणतात आणि मला तो उच्चार जास्त आवडतो. तिकडे तामिळनाडूत ए. के. सी. नटराजन यांनी याच वाद्यावर आयुष्यभर कर्नाटक संगीत वाजवलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे वाद्य आपल्याला परकं नाही. फक्त ते हळू वाजलेलं आपण फारसं ऐकलेलं नसतं. आणि क्लॅरिनेटची खरी गंमत हळू वाजवण्यातच आहे.

आता पाच मिनिटं इंजिनिअरगिरी सहन करा. बारावीच्या फिजिक्समध्ये एका टोकाला बंद असलेली नळी आठवते? तिच्यात फक्त विषम हार्मोनिक्स येतात: पहिला, तिसरा, पाचवा. दोन मार्कांना असायचं. क्लॅरिनेट म्हणजे साधारण तीच नळी. सरळ दंडगोल, वरच्या टोकाला तोंडात धरलेली रीड, म्हणजे ते टोक बंद असल्यासारखं. त्यामुळे खालच्या सुरांमध्ये सम हार्मोनिक्स अगदी दबलेले असतात आणि आवाज पोकळ, लाकडी, रिकाम्या घरातून आल्यासारखा वाटतो. बासरी किंवा सॅक्सोफोन वरच्या मजल्यावर गेला की सूर सप्तकानं चढतो, क्लॅरिनेटचा एकदम तिप्पट कंपनसंख्येवर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या पंचमावर जातो. एकाच वाद्यात खाली एक माणूस राहतो आणि वर दुसरा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्लॅरिनेट शून्यातून सुरू होऊ शकतं. चांगला वादक सूर इतक्या हळू उगवतो की तो नेमका कधी सुरू झाला हे सांगता येत नाही. तुम्हाला एखादं स्वप्न सुरुवातीपासून आठवतं का? नाही ना. आपण नेहमी मधेच कुठेतरी असतो. पियानोचं बरोबर उलटं आहे. हातोडी तारेवर पडली की सूर जन्मला, आणि त्या क्षणापासून तो मरायला लागला. एकाला सुरुवात लपवता येते पण एका वेळी एकच सूर काढता येतो, दुसऱ्याला दहा बोटांनी दहा सूर काढता येतात पण एकही धरून ठेवता येत नाही. दोघं एका खोलीत बसले की जे होतं ते मला स्वप्नासारखं वाटतं.

आता डेब्युसी. १९०९ साली पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉयरचा संचालक गाब्रिएल फोरे यानं डेब्युसीला संस्थेच्या वरिष्ठ मंडळावर घेतलं. त्यातून त्याच्या गळ्यात एक काम पडलं: क्लॅरिनेटच्या विद्यार्थ्यांच्या वार्षिक परीक्षेसाठी एक रचना लिहून देणे. डिसेंबर १९०९ ते जानेवारी १९१० मध्ये त्यानं ती लिहिली. तीच आजची 'प्रमिएर रॅप्सोडी', क्लॅरिनेट आणि पियानोसाठी, साधारण आठ मिनिटांची. १९१० च्या उन्हाळ्यात पोरांनी ती परीक्षकांसमोर वाजवली आणि परीक्षकांत स्वतः डेब्युसी बसला होता. आपल्याकडे ओरलला एक्स्टर्नल आला तरी पाय लटपटतात, इथे पेपर काढणाराच समोर!

आणि या प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या ओळीवर लयीची सूचना काय आहे? 'रेव्हझमाँ लाँ'. म्हणजे स्वप्नाळूपणे संथ.

मला हे फार म्हणजे फार आवडतं. परीक्षेचा पेपर, आणि वर लिहिलंय स्वप्न बघत बघत सोडवा. पण नीट ऐकलं की कळतं यात विनोद काही नाही, हीच खरी परीक्षा आहे. जलद ताना कोणीही रियाज करून बसवतो. (त्याही आहेत पुढे, बोटं मोडतील अशा.) पण सुरुवातीचे ते मोजके सूर जवळजवळ शांततेतून काढायचे, श्वास ऐकू येऊ द्यायचा नाही, सूर डगमगू द्यायचा नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की वाजवणारा अर्धवट झोपेत आहे! ओठांचे स्नायू ताणलेले, पोटाचा पडदा आवळलेला, डोक्यात मात्रा चाललेल्या. ऐकणाऱ्याचं स्वप्न, वाजवणाऱ्याची कसरत.

आणि ती संथ लय टिकत नाही, हेही बघा. दोन-तीन मिनिटांत संगीत चेष्टेवर येतं, थबकतं, उड्या मारतं, परत स्वप्नात शिरतं, आणि शेवटी चक्क जोरात, वरच्या सुरांत संपतं. यावर झोप लागली तर तुम्ही खरंच दमलेले आहात. झोपेच्या याद्यांमध्ये डेब्युसीचा जो तुकडा हमखास असतो, तो 'रेव्हरी', १८९० च्या सुमाराचा. त्याबद्दल त्याचं स्वतःचं मत फार वाईट होतं, आणि प्रकाशकानं पुढे तो छापला तेव्हा त्यानं ते स्पष्ट कळवलंही. आपण नेमका तोच उचलला. असो.

'स्वप्नातून सुचलं' या गोष्टींचंही एक वेगळं दुकान आहे. सगळ्यात जुनी आणि प्रसिद्ध गोष्ट तार्तिनीची, व्हायोलिनवाल्याची. त्यानं लालांद नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला सांगितलं की १७१३ साली एका रात्री सैतान स्वप्नात आला, त्याच्या हातात व्हायोलिन दिलं, आणि त्यानं असं काही वाजवलं की श्वास थांबला. जाग आल्यावर तार्तिनीनं ते पकडायचा प्रयत्न केला. त्यातून झाला 'डेव्हिल्स ट्रिल' सोनाटा. लोक गोष्ट इथे थांबवतात. तार्तिनी थांबला नव्हता. तो पुढे म्हणाला की ही माझी सगळ्यात चांगली रचना, पण जे ऐकलं त्याच्या मानानं इतकी हिणकस की दुसरं पोट भरायचं साधन असतं तर वाद्य फोडून टाकलं असतं. शिवाय अभ्यासकांना रचनेच्या शैलीवरून वाटतं की ती १७१३ च्या बरीच नंतरची आहे. म्हणजे एक रात्र ऐकायला आणि वर्षानुवर्षं लिहायला. प्रोटोटाइप सैतानानं दिला, प्रॉडक्शनला न्यायचं काम याच्या बोकांडी बसलं.

दुसरी गोष्ट शुमानची, आणि ती हसण्यासारखी नाही. १८४९ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनमध्ये त्यानं दोन दिवसांत क्लॅरिनेट आणि पियानोसाठी तीन तुकडे लिहिले: 'फांटाझीश्टुके', ओपस ७३. आधी नाव 'संध्याकाळचे तुकडे' अशा अर्थाचं होतं, मग बदललं. तिन्ही न थांबता एकातून एक निघतात. पहिल्यातली हळवी धून तिसऱ्यात भलत्याच वेगात ओळखीचा चेहरा दाखवून जाते, स्वप्नात शाळेतला मित्र ऑफिसात बसलेला दिसावा तशी. या जोडीसाठी लिहिलेल्या संगीतात मला सगळ्यात जवळचे हेच तुकडे.

पाच वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८५४ च्या रात्री, शुमान अंथरुणातून उठला आणि एक धून लिहून ठेवली. देवदूतांनी सांगितली, असं तो म्हणाला. त्या धुनेवर तो पियानोसाठी व्हेरिएशन्स लिहू लागला. मन आधीच ढासळत होतं. देवदूतांच्या जागी राक्षस दिसू लागले. २७ फेब्रुवारीला त्यानं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी वाचवलं, पण पुढची दोन वर्षं तो मनोरुग्णालयात होता आणि १८५६ मध्ये तिथेच गेला. आता ती देवदूतांची धून. ती त्याच्याच व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या संथ भागातल्या धुनेसारखी आहे, आणि तो कॉन्चेर्तो त्यानं जेमतेम चार-पाच महिन्यांपूर्वी, १८५३ च्या शरदात लिहिला होता. त्याला ओळखू आली नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नव्हतं. स्वतःचंच संगीत रात्री दार वाजवून परत आलं, आणि माणसानं त्याला देवदूत म्हणून आत घेतलं.

आजाराला रोमँटिक रंग देणारे लोक मला आवडत नाहीत, म्हणून तो भाग सोडून देतो. पण स्वप्न आपलाच माल परत करतं, ही गोष्ट निरोगी माणसांतही दिसते. २००० साली हार्वर्डच्या स्टिकगोल्ड आणि मंडळींनी लोकांना टेट्रिस खेळायला लावलं आणि झोप लागता लागता काय दिसतं ते विचारलं. बऱ्याच जणांना पडणारे ठोकळे दिसत होते. स्मृती गेलेल्या काही रुग्णांनाही ते दिसले, ज्यांना आपण खेळ खेळलो हेच आठवत नव्हतं! आपला रामानुजन म्हणायचा की नामगिरी देवी स्वप्नात सूत्रं दाखवते. दाखवत असेलही. पण त्याआधी कारच्या पुस्तकातली हजारो प्रमेयं त्यानं पाटीवर घासून घासून पचवली होती. देवीला दाखवायला काहीतरी शिल्लक नको?

आता माझं. आमच्या टीममध्ये दर सहा आठवड्यांनी एकदा रात्रीचा सपोर्ट येतो. फोन उशाशी, आणि तो तीनला वाजणार हे नक्की. स्वप्नाच्या मधोमध जाग आली की ते आठवतं, म्हणून त्या आठवड्यात मला माझी स्वप्नं लख्ख आठवतात. सांगू काय असतं त्यात? लॉग. एकाखाली एक सरकणाऱ्या ओळी. एकदा आई स्वयंपाकघरात उभी होती आणि तिच्या डोक्यावर लाल रंगात टाइमआउट लिहिलं होतं. एकदा मी कॉलवर बोलत होतो आणि कुणालाच ऐकू जात नव्हतं (हे तर जागेपणीही होतं). आता शुमान, तार्तिनी यांच्या गोष्टी यासमोर ठेवा. त्यांच्याकडे रात्री जे परत आलं ते दिवसा त्यांनी आत घातलं होतं म्हणून. अठ्ठाविसाव्या वर्षी, दिवसाचे अकरा तास डॅशबोर्ड बघणाऱ्या माणसाकडे काय परत येणार? त्यात आपण संगीतही असं वापरतो की ते कानावर पडेल पण आत जाणार नाही. झोपेच्या यादीवरचा माझा राग खरा इथून येतो. ती यादी कानाचं दार उघडून आत काहीच ठेवत नाही.

मेसिआँचं उदाहरण उलट्या टोकाचं. १९४० मध्ये तो जर्मनांच्या कैदेत, गर्लिट्झच्या छावणीत, श्टालाग आठ-अ. तिथे क्लॅरिनेटवाला आंरी आकोका, एक व्हायोलिन, एक चेलो, आणि हा पियानोवर. १५ जानेवारी १९४१ च्या गोठवणाऱ्या संध्याकाळी त्यांनी कैद्यांसमोर 'काळाच्या अंतासाठी चौकडी' वाजवली. तिचा तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा आहे, आणि तो शून्यातून सूर काढून कानठळ्यांपर्यंत नेतो, एका श्वासात. सातव्या भागाबद्दल मेसिआँनं प्रस्तावनेत लिहिलंय की स्वप्नात त्याला सुरावटी ऐकू येतात आणि दिसतातही, रंगांसकट, आणि मग सगळं गरगरायला लागतं. उपाशीपोटी रंगीत स्वप्नं पडायची, असंही तो पुढे सांगायचा. (तो हेही सांगायचा की श्रोते पाच हजार होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. श्रोते काहीशे होते, आणि तारा चारही होत्या असं खुद्द चेलोवाल्यानं सांगितलं. डॉक्युमेंटेशन आणि प्रत्यक्ष सिस्टिम यांचं नातं सगळीकडे सारखंच.)

तोच धागा जपानच्या तोरू ताकेमित्सुनं उचलला. मेसिआँच्याच चार वाद्यांसाठी त्यानं १९७५ मध्ये ऑर्केस्ट्रासह 'क्वाट्रेन' लिहिलं आणि १९७७ मध्ये फक्त चौघांसाठी 'क्वाट्रेन दोन'. त्याच १९७७ मधली त्याची एक ऑर्केस्ट्राची रचना सरळ स्वप्नातून आलेली आहे. मार्सेल द्युशाँचा एक फोटो त्यानं पाहिला, डोक्यावर ताऱ्याच्या आकारात केस भादरलेले. रात्री स्वप्न पडलं: पाच कोनांच्या बागेत पांढऱ्या पक्ष्यांचा थवा उतरतोय, पुढे एक काळा पक्षी. सकाळी उठून या गृहस्थानं काय केलं, तर आकडेमोड! पाच कोन म्हणून पाच सूर, पियानोच्या पाच काळ्या पट्ट्या, मध्यभागी फा शार्प, म्हणजे आपली काळी तीन. पेटीवर काळी तीनला 'सा' धरून पाच काळ्या पट्ट्या ओळीनं वाजवा, आपला भूप होतो. त्यातून पुढे त्यानं स्वरांची जी गणितं मांडली ती भूपासारखी अजिबात ऐकू येत नाहीत, पण स्वप्नाचा काळा पक्षी आणि आपल्या पेटीची काळी तीन एकच निघाली याचा मला उगाच आनंद झाला.

शेवटी बर्ग. आल्बान बर्गनं १९१३ मध्ये क्लॅरिनेट आणि पियानोसाठी चार तुकडे लिहिले, ओपस ५. स्वप्नाचा दावा त्यानं कुठे केलेला नाही, तो मीच करतोय. पण हे त्या व्हिएन्नातलं आहे जिथे फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक येऊन तेरा-चौदा वर्षं झाली होती, आणि या सगळ्या यादीत स्वप्नाच्या चालीनं चालणारं संगीत मला हेच वाटतं. चारही मिळून आठेक मिनिटं. धून म्हणावी असं काही जमू लागतं आणि विरतं. कुजबुज, मधेच किंकाळी, जिभेची फडफड, मग प्रतिध्वनीसारखा वाजवायचा एक सूर, जो वाद्यातून येतोय की भिंतीतून हे कळत नाही. कारणमीमांसा नाही, मागच्या पानाचा संदर्भ नाही. १९१९ मध्ये व्हिएन्नात हे पहिल्यांदा वाजलं ते शोनबर्गच्या खासगी मंडळात, जिथे टाळ्या वाजवायला बंदी होती. शहाणा नियम.

पार्श्वसंगीत म्हणून हे लावता येत नाही, करून बघा. कोड रिव्ह्यू करताना लावलंत तर एक तर रिव्ह्यू राहील किंवा तुम्ही हेडफोन काढाल. दुसरा तुकडा फक्त नऊ बारचा आहे. पियानोचा एक हात तेच दोन सूर धरून बसतो, दार अर्धं उघडं ठेवून बसावं तसा, आणि क्लॅरिनेट त्याच्यावरून काहीतरी सांगायला येतं. दोन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दिवा चालू राहू द्या.